ताई, तुझे नातेवाईक बरे आहेत

ताई, आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत भरदुपारी बारा वाजता रात्र होते. भिंतीतलं घड्याळ आपोआप पांढरे दिवे मालवतं आणि कोपऱ्यातला तांबडा दिवा तेवढा उरतो. उंदरांना तांबडा उजेड दिसत नाही. त्यांच्या लेखी अंधार पडला की ते उठतात, खातात, पळापळ करतात. आम्हा माणसांच्या ड्युटीत ते जागे असावेत म्हणून ही उलटी व्यवस्था. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुला हे सांगितलं तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "म्हणजे दुपारी झोपाचा पगार भेटते तुले."

आज पुन्हा कामावर गेलो. तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे भंडाऱ्याला परतले आणि चौबे कॉलोनीतल्या घरात आई आणि मी उरलो. आई तुझ्या खोलीचा पंखा अजून बंद ठेवते, कारण तुला वारा सोसायचा नाही. मीही तो लावत नाही. दुपारी दिवे गेले तसा मी स्टुलावर टेकलो. डोळा लागला की नाही ते सांगता येणार नाही, पण काचेपलीकडे तू उभी होतीस. तोच करड्या रंगाचा स्वेटर. मे महिन्यात स्वेटर घालून अभनपूरच्या बसमध्ये चढणारी रायपुरातली एकमेव मास्तरीण. काचेवर तुझ्या श्वासाचं धुकं आलं आणि गेलं. मी उठलो, तर तिथे हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा होता.

स्वप्न म्हणावं तर मी जागा होतो. पण तांबड्या उजेडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला यातला फरक फारसा कळत नाही.

तुझ्या दुखण्याचं नाव आपल्या घरात कुणी घेत नसे. "तिचं ते" असं म्हणायचे सगळे. तू मात्र वर्गात फळ्यावर सरळ सिकलसेल असं लिहायचीस. दहावीला आनुवंशिकता शिकवताना तू चार चौकोन काढायचीस, वर आई, बाजूला बाप, आणि चौथ्या चौकोनावर खडू ठेवून म्हणायचीस, "यह मैं हूँ." पोरं आधी हसायची आणि मग ते चौकोन वहीत उतरवायची. आईचा एक बिघडलेला जनुक आणि बाबांचा एक, दोन्ही तुझ्या वाट्याला आले. मला एकच आला, म्हणून मी धडधाकट. "तू पहिलेपासून हावरी," मी म्हणायचो, "दोन्ही घेऊन बसली." आणि तू म्हणायचीस, "मोठी होती ना मी. पहिलं ताट मलेच वाढलं."

त्या एका ताटापायी तुझ्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक नसांत अडकायच्या, आणि जिथे अडकतील तिथे हाड फुटल्यासारखी कळ यायची. थंडी लागली की यायची, पाणी कमी प्यायलं की यायची, आणि कधी कधी काहीच कारण नसताना यायची. रोजची गोळी होती, बाटल्या चढवणं होतं. मग दोन-चार दिवसांनी तू उठायचीस, केस विंचरायचीस आणि अभनपूरची बस धरायचीस. मी बारावीला जीवशास्त्रात नापास झालो तेव्हा अशाच एका आजारपणात पलंगावर पडल्या पडल्या तू मला पेशीचं विभाजन शिकवलं होतंस. पुढे प्रयोगशाळेच्या नोकरीचा अर्जसुद्धा तूच भरलास. मी पिंजरे धुणारा, उंदरांना औषध पाजणारा माणूस, पण शेजारी-पाजारी तू सांगायचीस, "भाऊ शास्त्रज्ञ हाय माहा." मी लाजायचो. आत कुठेतरी आवडायचंही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग आमच्याकडे ते उंदीर आले. दिसायला चारचौघांसारखेच, पण त्यांच्या रक्ताला लाल रंग देणारा उंदराचा जनुक काढून तिथे माणसाचा, सिकलसेलवाला, घातलेला. कुणी दूरच्या प्रयोगशाळेत कधीकाळी हे एकदा केलं, आणि आता ते पिढ्यान् पिढ्या तसेच जन्मतात. पिल्लं मोठी झाली की मी त्यांच्या कानाला खूण करायचो, शेपटीच्या टोकाचा कणभर तुकडा तपासायला द्यायचो, आणि चार दिवसांनी कागद यायचा. कोण निरोगी, कोण माझ्यासारखं एक घेऊन आलेलं, आणि कोण तुझ्यासारखं. त्या कागदावर आपलं घर छापून यायचं. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हणजे माहे नातेवाईक आले."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत तुझा प्रश्न यायचा. "काय म्हनतात माहे नातेवाईक?"

"बरे हायेत," मी म्हणायचो.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं. ते कधी मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही. रविवारी आपण बूढापाऱ्यात जायचो, तलावाच्या काठी भुट्टा घेऊन बसायचो. पाण्यावर ऊन उतरलेलं असायचं. तू दाणे एकेक करून सोलायचीस आणि त्याच चालीने बोलायचीस. "ज्याले दुखन नव्हतं, त्याले तुम्ही दुखन लावून देलं. जन्माच्या पहिलेच. मले निदान फसवून आलं ते. यायले त ठरवून देलं."

"मंग मानसावर करा लागते का?"

"मानसावर त होऊनच राहिलं. माह्यावर पाह्य ना."

"तुह्यासाठीच करून राहिलो ना आम्ही."

"माह्या नावावर नको खपवू. मी सांगतलं होतं का, उंदराले दुखवा म्हनून?" मग भुट्ट्याचं रिकामं बुरकुंड बाजूला ठेवून, पाण्याकडे बघत, अगदी हळू म्हणायचीस, "आन् लवकर करा म्हना जे करता ते."

"दोन्ही कसं चालन, ताई?"

"दोन्ही खरं हाय. मी काय करू?"

तेव्हा मला वाटायचं, तू माझी फिरकी घेतेस. आता कळतं की तुझ्याइतकं सरळ उत्तर आमच्या प्रयोगशाळेत कुणी दिलं नव्हतं. मोठमोठी माणसं एक बाजू घेऊन बसायची. दोन्ही बाजूंचं दुखणं तुझ्याच अंगात होतं, म्हणून तुला कुठलीच बाजू सोडता आली नाही.

नव्या औषधाची चाचणी सुरू झाली त्या डिसेंबरात तू हट्ट धरलास की नातेवाईक बघायचे आहेत. आत कुणाला नेता येत नाही. चाचणी चालवणाऱ्या आमच्या मॅडमना विचारलं. त्या मूळ बिलासपूरच्या, हिंदी बोलणाऱ्या, कामात कडक. त्यांनी तुझी चौकशी केली आणि म्हणाल्या, "शीशे तक ले आओ." मग एका दुपारी बाराला पाच मिनिटं असताना तू काचेपाशी येऊन उभी राहिलीस. दिवे गेले, तांबडं झालं, आणि उंदीर हळूहळू कापसातून बाहेर यायला लागले. तुझा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. तू काचेला नाक लावलंस. आपण दोघं पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि वर कुठेतरी रायपूर चाललंय, असं मला वाटत होतं. त्या पाच-दहा मिनिटांसाठी मी तुझा आजन्म ऋणी आहे. माझं काम कुणी इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं.

पिंजऱ्यांवरच्या रंगीत पट्ट्या तू दिवे जायच्या आधीच पाहून ठेवल्या होत्यास. मग तू विचारलंस, "हे पिवळ्या पट्टीवाले कोन आन् पांढऱ्या पट्टीवाले कोन?"

"पिवळ्यायले औषध देतो. पांढऱ्यायले नुसतं पानी. फरक समजला पाहिजे ना."

"आन् पांढऱ्यायले दुखलं त?"

"दुखू द्या लागते."

पांढऱ्या पट्टीच्या एका पिंजऱ्यात एक उंदीर कोपऱ्यात बसला होता. पाठीची कमान, केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले. दुखणाऱ्या उंदराची ही ठरलेली खूण आहे, तक्त्यावर चित्रासकट आहे. तुला कुणी तक्ता दाखवायची गरज नव्हती. तू पलंगावर अशीच बसायचीस, गुडघे पोटाशी घेऊन. तू स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं आत घेतलीस आणि म्हणालीस, "दवाई नाही देत त नको देऊ. पन थंडीत काहून ठेवता यायले?"

एवढंच बोललीस. मग आपण खाली जाऊन चहा प्यायलो, आणि तू बसमध्ये बसून गेलीस.

पुढचं तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पिंजऱ्याला आठवड्याला दाबलेल्या कापसाचा एक चौकोन मिळतो. उंदीर तो पिंजून घरटं करतात. खोलीचं तापमान माणसांच्या सोयीचं असतं, उंदरांना ते गारच वाटतं. त्या संध्याकाळी मी पांढऱ्या पट्टीच्या प्रत्येक पिंजऱ्यात दोन चौकोन जास्तीचे टाकले. पिवळ्या पट्टीला टाकले नाहीत. त्यांना औषध होतं, त्यांची काळजी घ्यायला कुणीतरी होतं. ज्यांना काही नाही त्यांना कापूस, असा माझा हिशेब. पुढे त्यांची पाण्याची बाटलीही दिवसातून दोनदा बदलायला लागलो, कारण ताजं पाणी ठेवलं की ते जास्त पितात. रजिस्टरमध्ये मात्र एकच चौकोन लिहायचो. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. सिकलसेलच्या माणसाला ऊब आणि पाणी किती लागतं हे ज्याच्या घरात लहानपणापासून पाठ आहे, त्यालाच हे सुचतं. आई आठवणीने करायची ते मी चोरून केलं.

आणि ते सुधारले, ताई. कोपऱ्यातला तो उंदीर कापसाच्या गोळ्यात नाक खुपसून झोपायला लागला. मला इतकं बरं वाटायचं की संध्याकाळी "बरे हायेत" म्हणताना माझा आवाज बदलायचा. तू म्हणायचीस, "आज खुशीत दिसून राहिला."

दोन महिन्यांनी मॅडमनी आकडे काढले. कुठली पट्टी कशाची हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. रीतच तशी असते. पट्ट्यांचा उलगडा लिहिलेलं बंद पाकीट उघडलं, तर औषधवाले आणि बिनऔषधवाले जवळपास सारखेच. मॅडम दोनदा म्हणाल्या, "बिना दवाई वाले इतने ठीक कैसे हैं?" मी बादली घेऊन तिथेच उभा होतो. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं, रजिस्टर तपासलं, आणि रजिस्टरात माझ्या हाताने लिहिलेला एक-एक चौकोन होता. औषधात दम नाही असं ठरलं. फाइल कपाटात गेली.

त्या संध्याकाळी तू विचारलंस. मी म्हणालो, "औषध नाही चाललं." तू मान हलवलीस, भाजी चिरत राहिलीस, आणि थोड्या वेळाने म्हणालीस, "जाऊ दे. त्यायचा त जीव सुटला."

मी का गप्प बसलो? नोकरीची भीती होती, ते खोटं नाही. पण खरं कारण तुझं ते वाक्य होतं. थंडीत काहून ठेवता यायले. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं. स्वतःच्या आजाराचं औषध स्वतःच्याच तोंडाने बुडवलं, हे ओझं मी तुझ्या डोक्यावर कसं ठेवू? मला वाटलं, मी तुला वाचवतोय. दोन वर्षं मी या कल्पनेवर मोठ्या समाधानाने झोपलो.

तुला मात्र वास आला होता. शेवटच्या त्या सकाळी दवाखान्यात तुझ्या छातीत भरून आलं होतं, नाकाला नळी होती, आणि तरी तू विचारलंस, "काय म्हनतात माहे नातेवाईक?"

"बरे हायेत."

"अन्या, तू काहीतरी लपवून राहिला माह्यापासून. लय दिवसाचं."

"काही नाही ताई. तू बोलू नको जास्त."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि तुला छातीचा फोटो काढायला घेऊन गेला. परत आणलं तेव्हा तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतीस. संध्याकाळपर्यंत मी तुझ्या पायाला हात लावून बसलो होतो. पाय थंड होते. आईने दोन पांघरुणं घातली होती, तरी थंडच.

पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना संपल्यावर लोक जेवायला बसले, तेव्हा एक मुलगी माझ्यापाशी आली. अभनपूरची, तुझ्या वर्गातली. बापाच्या स्कूटरवर बसून आली होती. तुझ्यासारखेच पिवळसर डोळे, अंगात स्वेटर. दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. ती म्हणाली, "भैया, दीदी बोलती थीं आपके यहाँ हमारी दवाई बन रही है. कब तक आएगी?"

मी तिला विचारलं, दीदी हे कधी बोलल्या. ती म्हणाली, "हमेशा. पिछले महीने भी."

औषध नाही चाललं, हे तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तरी तू त्या पोरीला सांगत राहिलीस की माझ्या भावाकडे बनतंय. तुझा विश्वास उंदरांवर नव्हता, औषधावरही नव्हता. माझ्यावर होता. माझ्या हातातला वरणाचा डबा तसाच राहिला. मी तिला म्हणालो, "देखते हैं." तिच्या बापाने हात जोडले.

म्हणून आज दिवे गेल्यावर, स्टुलावरून उठलो आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.

"कितने?"

"हर सफेद पट्टी में दो ज्यादा."

"कब से?"

"शुरू के दूसरे हफ्ते से."

त्या पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूछा क्यों नहीं, अनिल? पूछते तो मैं सबको दिलवा देती. पीली को भी, सफेद को भी. बराबर. और लिख लेते. बस."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्हीकडे सारखा कापूस आणि रजिस्टरात खरा आकडा, एवढ्याने उंदीरही उबेत राहिले असते आणि चाचणीही खरी झाली असती. तू तलावाच्या काठी म्हणायचीस ना, दोन्ही खरं आहे. दोन्ही होऊ शकत होतं. फक्त तोंड उघडायला हवं होतं.

मी विचारलं, औषध चालतं असं तेव्हाच ठरलं असतं तर ताईला वेळेत मिळालं असतं का? मॅडम म्हणाल्या, "नहीं. चूहे से मरीज तक बहुत साल लगते हैं. ये बोझ मत उठाओ." त्या खरं बोलल्या, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला कळतं. पण वाया गेलेली दोन वर्षं कुणाची तरी असतातच. ती त्या पिवळ्या डोळ्यांच्या मुलीची आहेत. मॅडम प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख करणाऱ्या समितीला सगळं लिहून कळवणार आहेत. माझं काय करायचं ते समिती ठरवेल. चाचणी पुन्हा मांडायची मागणीही त्या करणार आहेत, यावेळी सगळ्या पिंजऱ्यांत सारखा कापूस घालून. मी लेखी जबाब दिला आणि खाली सही केली.

घरी येताना बसमधून उतरलोच नाही, दोन स्टॉप पुढे गेलो. डोळे उघडे होते, बाहेर दुकानं सरकत होती, आणि तू शेजारी बसून माझ्याशी भांडत होतीस. आवाज ऐकू येत नव्हता, फक्त ओठ दिसत होते. मी तुझं ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि कंडक्टर मला हलवत होता.

तू काय म्हणत होतीस ते मला माहीत आहे. मी तेव्हाच सांगितलं असतं, तर तू आधी भडकली असतीस. एक दिवस माझ्याशी बोलली नसतीस. स्वतःला दोष दिला असतास, रडलीही असतीस, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून, स्वेटर चढवून, मला मानगुटीला धरून तू मॅडमसमोर उभं केलं असतंस आणि म्हणाली असतीस, यह मेरा भाई है, इसकी सुनिए. त्याच आठवड्यात चाचणी पुन्हा मांडली गेली असती. मी तुला वाचवत होतो म्हणे. जन्मभर त्या दुखण्याने तुला पलंगावर पाडलं, ताई, आणि त्याच्याविरुद्ध तुला स्वतःच्या पायांनी चालत जाऊन करता येईल असं एकच काम आयुष्यात आलं होतं. ते मी तुझ्यापासून लपवून ठेवलं.